जे.जे.च्या आवारातील मराठी वर्ग

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरातील जुन्या कागदपत्रांत आमच्या एका पूर्वजांच्या नावापुढे ‘जी.जी.एम.सी.’ अशी अक्षरे आढळतात. ही कोणती पदवी होती? ती मुंबई विद्यापीठ देत असे काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘ग्रॅज्युएट ऑफ द ग्रँट मेडिकल कॉलेज’ या नावाचा हा संक्षेप आहे. आपल्या पूर्वजांनी ही पदवी घेतली असल्यास ते या महाविद्यालयाच्या अगदी आरंभीच्या पिढीतील असले पाहिजेत, कारण त्या काळी मुंबईत विद्यापीठच नव्हते आणि महाविद्यालय स्वतःच परीक्षा घेऊन पदवी देत असे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, १८६० साली ग्रँट महाविद्यालय त्यास संलग्न झाले आणि १८६२ पासून विद्यापीठाची एल.एम. ही पदवी मिळू लागली. पुढे तिच्या जागी एल.एम. अँड एस. आणि विसाव्या शतकात एम.बी.बी.एस. आली.

मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी या महाविद्यालयाची कल्पना मांडली, परंतु १८३८ मध्ये दापोडी येथे त्यांचे निधन झाले आणि ती त्यांच्या हयातीत साकार झाली नाही. त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीला सरकारची जोड मिळून इमारत उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी (हेच आजचे जे.जे. रुग्णालय) एक लक्ष रुपये देऊ केले. १८४५ च्या मे महिन्यात रुग्णालय सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस महाविद्यालय. पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा आग्रह असा होता की, विद्यार्थ्याने रोग्याच्या खाटेशेजारी उभे राहून शिकले पाहिजे. रुग्णालय आणि महाविद्यालय एकाच आवारात असण्याचे मर्म यातच आहे.

१८५१ साली पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. गोव्यातील मांद्र्याचे भाऊ दाजी लाड, पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले आत्माराम पांडुरंग तर्खडकर, अनंत चंद्रोबा, सेबॅस्टियन कार्व्हालो, पॉल फ्रान्सिस गोम्स, गवतांच्या अभ्यासासाठी नाव मिळविणारे लिस्बोआ, मेरवानजी सोराबजी आणि बरजोरजी दोराबजी ही ती आठ नावे. त्यांत मराठी, ख्रिस्ती आणि पारशी असे तिन्ही समाज आहेत, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

एक खुलासा येथेच केलेला बरा. ग्रँट महाविद्यालय हे पश्चिम किनाऱ्यावरील पहिले, असे सर्रास लिहिले जाते, ते अचूक नाही. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात पणजी येथे १८४२ मध्येच वैद्यकशाळा सुरू झाली होती. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था तर १८३५ सालच्या आहेत.

प्रश्न : आधुनिक वैद्यक मराठीतून शिकविणे अशक्य आहे, असे एका व्याख्यानात ऐकले. पूर्वी असा प्रयत्न कधी झाला होता काय? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : एकदा नव्हे, दोनदा झाला होता, आणि दोन्ही वेळा मुंबईतच.

पहिला प्रयत्न १८२६ चा. डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली सरकारने देशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकशाळा काढली आणि शिक्षणाचे माध्यम देशी भाषा ठेवले. मॅक्लेनन यांनी इंग्रजी वैद्यकग्रंथ देशी भाषांत उतरविण्याचे कष्टही घेतले. तथापि विद्यार्थ्यांची तयारी समाधानकारक नाही असे ठरवून १८३२ मध्ये शाळा बंद करण्यात आली. ग्रँट महाविद्यालय निघाले तेव्हा या अनुभवाचा बोध असा घेतला गेला की, शिक्षण इंग्रजीतूनच झाले पाहिजे. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. शरीरातील प्रत्येक स्नायूला, शिरेला आणि विकाराला नाव द्यायचे, त्या नावांची पुस्तके छापायची आणि ती पुस्तके शिकवू शकणारे शिक्षक तयार करायचे, हे काम सहा वर्षांत पुरे होण्यासारखे नव्हते. ज्या भाषेला हा अवधीच मिळाला नाही, तिला नापास ठरविणे न्याय्य नव्हे.

दुसरा प्रयत्न अधिक महत्त्वाचा असूनही त्याची आठवण फारच थोड्यांना आहे. १८६१ साली खुद्द ग्रँट महाविद्यालयातच मराठी आणि गुजराती असे दोन वर्ग सुरू झाले. शिक्षक याच महाविद्यालयातून शिकून तयार झालेले होते. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्यांपैकी एक, तसेच डॉ. सखाराम अर्जुन हेही एक. सखाराम अर्जुन हे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून आपल्याला माहीत असतात, परंतु गर्भविद्या आणि प्रसूती यांवर मराठीत लिहिणारे ग्रंथकार ही त्यांची ओळख तितकीच मोठी आहे. स्वतः इंग्रजीतून शिकलेल्या माणसाने आपल्या भाषेत शास्त्र आणण्यासाठी केलेले हे काम होते. १८३२ मध्ये ज्याची उणीव होती, तो शिक्षकवर्ग तीस वर्षांनी या महाविद्यालयानेच निर्माण केला होता.

मग हा वर्ग गेला कोठे? विषय कठीण पडला म्हणून तो बंद झाला नाही. मराठी वर्गाचे काम पुढे पुण्याकडे गेले, आणि १८७८ मध्ये तेथे निघालेली वैद्यकशाळा म्हणजेच १९४६ साली महाविद्यालयाचा दर्जा मिळालेले आजचे बी.जे. वैद्यकीय महाविद्यालय; गुजराती वर्गाला अहमदाबादची वाट मिळाली. खरी अडचण दर्जाची होती. इंग्रजी वर्गातून विद्यापीठाचा पदवीधर बाहेर पडे, तर मराठी वर्गातून सरकारी दवाखान्यांसाठी हॉस्पिटल असिस्टंट. एकच आवार आणि एकच रुग्णालय असूनही भाषेप्रमाणे हुद्दा आणि वेतन ठरत असे. जो वर्ग वरची पदवी देऊच शकत नाही, त्यात हुशार आणि ऐपतदार विद्यार्थी फार काळ राहणार नाही, हे उघड आहे. म्हणून आपण ऐकलेल्या विधानावर माझे उत्तर असे की, मराठी वैद्यकाच्या ओझ्याखाली मोडली नाही. तिला खालच्या पायरीवर बसविले गेले, आणि खालच्या पायरीवरचे काम मात्र तिने चोख केले. तालुक्याच्या गावी रोगी प्रथम ज्याच्यासमोर येई, तो बहुधा पदवीधर डॉक्टर नसून हॉस्पिटल असिस्टंटच असे.

प्रश्न : प्लेगची लस जे.जे.मध्ये तयार झाली, हे खरे काय? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : होय. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील साथ प्लेगची आहे हे ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे ग्रँट महाविद्यालयाचेच विद्यार्थी. वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले तेव्हा त्यांना याच महाविद्यालयाच्या पेटिट प्रयोगशाळेत जागा देण्यात आली, आणि तेथे तयार केलेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था याच कामातून वाढली.

प्रश्न : जे.जे.सारखे मोठे महाविद्यालय असताना मुंबईत के.ई.एम.ची गरज का भासली? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : शहर वाढत होते हे एक कारण आहेच, परंतु ते मुख्य नव्हे. ग्रँट महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या जागा प्रायः इंडियन मेडिकल सर्व्हिस या सरकारी वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्यांकडे असत आणि त्या सेवेत युरोपियनांचे प्राबल्य होते. त्यांत हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांच्यासारखे थोर संशोधकही होते. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनाग्रंथाची चित्रे काढून ते १८५८ मध्ये मुंबईस आले, येथे कुष्ठरोगावर व ‘मदुरा फूट’ या पायाच्या विकारावर त्यांनी मोलाचे काम केले आणि पुढे ते महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. परंतु या व्यवस्थेत भारतीय डॉक्टर कितीही विद्वान असला तरी त्याच्या वाट्याला बहुधा दुय्यम किंवा हंगामी जागाच येई. भाऊ दाजींच्या पिढीपासून चालत आलेले हे दुःख होते.

शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी मुंबई महापालिकेला महाविद्यालयासाठी देणगी दिली, ती एका अटीवर : अध्यापक भारतीय असावेत आणि ते सरकारी सेवेतील नसावेत. १९२६ साली परळ येथे जी.एस. महाविद्यालय आणि के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. जीवराज मेहता यांनी अधिष्ठाता म्हणून त्याची घडी बसविली. वर्गात उभे राहून शिकविणारा प्राध्यापक भारतीय असणे हा तेथे अपवाद नव्हता, तो नियम होता. १८५१ च्या त्या आठ पदवीधरांपासून मोजल्यास या नियमाला पंच्याहत्तर वर्षे लागली.