मेंदूच्या औषधांवर संशोधन करायचंय, मग फार्मसी कशाला?

नाशिकच्या इंदिरानगरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे. आजोबांना बरीच वर्षं मधुमेह, आता गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही. मुलीला यावरच्या औषधांचं संशोधन करायचंय. वडिलांना मात्र वाटतं, फार्मसी म्हणजे शेवटी मेडिकलचं दुकान.

नमस्कार. आधी आजोबांचं बघा. प्रत्येक विसरणं डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, नसतं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, शुगर वरचेवर खाली जात असेल तरी माणूस गोंधळतो. दोन्हींवर उपाय आहेत. डॉक्टरांना विचारून तपासण्या करून घ्या.

आता मुलीचं. तिचा प्रश्न खरोखरच अजून सुटलेला नाही. टाइप टू मधुमेहात डिमेन्शियाचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो. डिमेन्शियावरच्या डोनेपेझिल या औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, मेमँटिनही जुनंच. पण ही औषधं पारखली गेली ती मुख्यतः अल्झायमर या डिमेन्शियाच्या एका प्रकाराच्या रुग्णांवर. मधुमेहामुळे मंदावलेल्या स्मृतीला त्यांचा उपयोग होतो, याला भक्कम पुरावा नाही. सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचं औषध अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांना देऊन पाहिलं. साडेतीन हजारांहून जास्त लोकांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. आजार बळावायचा तो बळावलाच. त्याआधी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आशा वाटली होती. निवाडा शेवटी माणसांवरच्या चाचणीतच होतो, आणि अशा चाचण्या आखणारी, रुग्णांवर लक्ष ठेवणारी, आकडे तपासणारी माणसं फार्मसीतूनही येतात.

नीटमध्ये गुण चांगले पडले तर एमबीबीएस आहेच. नाहीतर माझं मत फार्म.डी.कडे (डॉक्टर ऑफ फार्मसी) झुकतं. सहा वर्षं लागतात, पण शेवटचं वर्ष हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिपचं असतं आणि रुग्ण जवळून पाहायला मिळतो. बी.फार्म. चार वर्षांचं, नाशिकमध्येच करता येईल. पुढे जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन फार्माकॉलॉजीत (औषधं शरीरात कसं काम करतात याचं शास्त्र) एम.फार्म. नायपर या औषध-शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते. कुठलीही वाट धरली तरी स्टॅटिस्टिक्स पक्कं हवं. फार्मसीची मुलं इथेच कमी पडतात, म्हणून हा विषय तिने पहिल्या वर्षापासून मनापासून करावा.

या सुट्टीत तिला सीटीआरआय ही भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदणी उघडून द्या, फुकट आहे. मधुमेह आणि स्मृती यांवरच्या नोंदी तिने वाचाव्यात: चाचणी कोण करतंय, रुग्ण किती, मोजणार काय. दहा-बारा वाचूनही तिची उत्सुकता टिकली, तर सीईटीचा फॉर्म निर्धास्तपणे भरा.