अर्जुनाची साल आणि दुधीचा रस घेऊन हृदयातलं ब्लॉकेज निघतं का? तोवर गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांच्या अँजिओग्राफीत 70 टक्के ब्लॉकेज निघालं, घरातल्या एका ज्येष्ठांनी अर्जुनाचा काढा आणि दुधीचा रस सुचवला, आणि तीन महिने गोळ्या थांबवून बघू असं घरात चाललंय. गोळ्या थांबवू नका. काढ्याचं नंतर बघू.

आमच्या अण्णांना झटका आला तेव्हा अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकला. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या वर्षभर एकही दिवस चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी घरी सोडताना आईला बजावून सांगितलं होतं. स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर आतलं अस्तर धरेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते, ती होऊ नये म्हणून या गोळ्या.

अण्णा घरी आल्यावर धाकटे काका सालीचं गाठोडं घेऊन आले. दूध, पाणी आणि सालीची भरड मंद आचेवर ठेवायची, पाणी आटून दूध राहिलं की गाळून प्यायचं. रोज सकाळी घरभर तो तुरट वास असायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं, "काका, साल उकळा, माझं काही म्हणणं नाही. पण गोळ्यांना हात लावू नका." त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर, "तू दोन पुस्तकं शिकलीस म्हणून आम्हाला शिकवू नकोस."

मी सासरी परतले आणि काकांनी अण्णांना पटवलं, की काढ्यानेही रक्त पातळ होतं, मग दोन्ही कशाला? गोळ्यांनी पित्त होतं हे अण्णांचं आधीचंच गाऱ्हाणं. त्यांनी क्लोपिडोग्रेल सोडली. आईला वाटत होतं गोळ्या चालू आहेत, कारण डब्यातून रोज एक कमी होत होती. ती अण्णा खिशात टाकायचे. पुढे कपडे धुवायला घेताना सदऱ्याच्या खिशात गुलाबी भुगा सापडला, तेव्हा तिच्या लक्षात आलं. तोवर उशीर झाला होता. त्याच आठवड्यात पहाटे अण्णांना दरदरून घाम फुटला. स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "गोळी कोणी बंद केली?" आई काकांकडे बघत राहिली आणि काका खिडकीबाहेर. अण्णा वाचले, पण हृदयाचं पंपिंग 35 टक्क्यांवर आलं. उसाला पाणी पाजायला रात्री एकटा जाणारा माणूस आता जिना चढताना मध्ये बसतो.

काकांचा आवडता मुद्दा असा, की नैसर्गिक उपचारांचा अभ्यास कोणी करतच नाही. हे खरं नाही. 2022 साली अमेरिकेत लसूण, हळद, दालचिनी, माशाचं तेल अशी सहा पूरकं रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीच्या सगळ्यात कमी डोसासमोर ठेवून तपासली. 28 दिवसांत त्या गोळीने वाईट कोलेस्टेरॉल जवळजवळ 38 टक्क्यांनी उतरवलं, पूरकांपैकी एकही औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. चेलेशनच्या, म्हणजे शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्या साफ करतो असं सांगतात त्या सलाईनचंही तेच. 2013 च्या अभ्यासात मधुमेहींना फायदा दिसला म्हणून पुन्हा खास मधुमेहींवरच तपासलं, आणि 2024 मध्ये निकाल आला की फायदा नाही. योगाचा तर आपल्याकडेच मोठा अभ्यास झाला, देशातली 24 रुग्णालयं आणि झटका येऊन गेलेले जवळजवळ चार हजार रुग्ण. योग करणाऱ्यांना बरं वाटलं, ते आपल्या कामाला चांगले लागले. पुन्हा झटका येण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण मात्र ठामपणे कमी झाल्याचं दिसलं नाही. तरी योग करावाच, अण्णाही करतात. सगळे गोळ्या चालू ठेवून.

ब्लॉकेज निघतं का, तर 1990 साली डीन ऑर्निश या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं की थोडं कमी होऊ शकतं. जवळजवळ तेल-तूप नसलेला शाकाहार, व्यायाम, ध्यान, सिगारेट बंद, हे सगळं वर्षभर काटेकोर पाळून सरासरी 40 टक्क्यांचं 37.8 झालं. काढ्याने 70 चं शून्य झाल्याचे व्हॉट्सॲपवरचे रिपोर्ट यापुढे ठेवून बघा.

दुधीचा रस कडू लागला तर घोटभरसुद्धा पिऊ नका. कडू दुधीत विषारी द्रव्य असतं, त्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. त्यापेक्षा दुधीची भाजी करा.

आहारावर माझा मनापासून विश्वास आहे आणि तिथे काकांनी काडीची मदत केली नाही. काढा पाजून तेच दुपारी अण्णांसमोर फरसाणाची पुडी सोडायचे. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात पापड-लोणचं-फरसाणातलंही धरायचं. आईने जेवताना वरून मीठ घेणं बंद केलं, तळणीचं तेल पुन्हा वापरणं बंद केलं, भाकरीबरोबर रोज उसळ आणि जवसाची चटणी सुरू केली. शेंगदाण्याचं तेल आहे तेच ठेवलं, फक्त कमी. कमी सोडियमचं मीठ चांगलं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

मी डॉक्टर नाही आणि तुमच्या सासऱ्यांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. 70 टक्के म्हटलं की लगेच स्टेंट, असंही नसतं. 2020 मध्ये आलेल्या पाच हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात, दुखणं स्थिर असलेल्यांना लगेच स्टेंट किंवा बायपास न करता चांगल्या औषधांवर ठेवलं तरी मृत्यूचं प्रमाण वाढलं नाही. पण ती औषधं ते घेत होते, आणि हृदयाची डावी मुख्य रक्तवाहिनी अडलेले लोक त्या अभ्यासात नव्हते. म्हणून कोणती नळी अडली आहे ते नीट विचारा. बसल्या जागी छातीत दुखत असेल तर लगेच रुग्णालयात न्या. काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, लपवून नको.

आणि गोळ्या थांबवा म्हणणाऱ्या त्या ज्येष्ठांना पुढच्या तपासणीला बरोबर न्या. त्यांनी डॉक्टरांसमोर बसून तेच म्हणावं आणि फाइलवर सही करावी. आमच्या काकांना मी हे दर तपासणीला सांगते. अजून आले नाहीत.