मोडशी आणि फ्रेंचांचा कुत्रा

एका वाचकाची विचारणा अशी: "घरात कुणाचं पोट बिघडलं की आमची आजी 'मोडशी झाली' म्हणते. परवा एकाने सांगितलं, हा शब्द मुळात फ्रेंच आहे. 'मोर-द-श्यें' म्हणजे कुत्र्याचं मरण, त्याचाच अपभ्रंश मोडशी. हे खरं का? आणि मोडशी म्हणजे नेमकं काय, अपचन की कॉलरा?"

दोन शब्दांचं नातं खरं आहे. फक्त बाप कोण आणि पोर कोण, यात अदलाबदल झाली आहे. मोडशी आपलीच, मराठी-कोकणी. ती गोव्यात पोर्तुगिजांच्या तोंडी बसली, तिथून फ्रेंचांकडे गेली आणि फ्रेंचांनी तिला कुत्रा जोडला. तो कुत्रा आता परत येऊन आपल्या आजीच्या शब्दावर हक्क सांगतोय, एवढंच.

हा प्रवास चांगला नोंदलेला आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला. मुंबई बेट काही काळ याच गृहस्थाकडे भाडेपट्ट्याने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेलं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. सगळं पुस्तक संवादरूप आहे. एका संवादात मध्येच एक पोऱ्या धावत येतो आणि सांगतो, मालकांच्या भावाला बघायला लगेच चला, भेटीची वेळ नाही हे खरं, पण उशीर केला तर धोका आहे. काय झालंय म्हणून विचारलं तर उत्तर एका शब्दाचं: 'मोर्शी'. दोन तासांपूर्वी सुरू झालं. पुढे ओर्ता समजावून सांगतो, की आमच्या वैद्यकात याला कॉलेरिका पासिओ म्हणतात, हिंदी लोक मोर्शी म्हणतात, आणि त्याचाच बिघाड करून आम्ही 'मोर्देशी' म्हणतो. अरबांचा शब्दही तो देतो. तोच आपल्याकडचा हैजा.

म्हणजे 1563 मध्येच एक पोर्तुगीज माणूस 'शब्द यांचा, बिघडवला आम्ही' अशी कबुली देऊन बसला आहे. शब्दचर्चेत इतका सरळ साक्षीदार क्वचित मिळतो.

आता बिघाड कसा झाला ते पाहू. ओठांवर म्हणूनच बघा: मो-ड-शी. यातला 'ड' पोर्तुगीज कानाला परका. जीभ मागे वळवून टाळूवर आपटायची सवय त्या भाषेत नाही. त्यांना तो कधी 'र'सारखा ऐकू आला (मोर्शी), तर कधी 'र' आणि 'द' अशा दोन तुकड्यांत (मोर्देशी). 'श' त्यांच्याकडे होता, तो 'एक्स' या अक्षराने लिहीत. शेवटच्या 'ई'ला नाकात ओढायची त्यांची खोड होतीच, त्यातून 'मोर्देशीं' झालं. मोडशीचं मोर्देशीं होण्यात चमत्कार काहीच नाही. चमत्कार पुढे आहे. फ्रेंच माणसाने हा शब्द ऐकला तेव्हा त्याला त्यात स्वतःच्या भाषेतले तीन शब्द सापडले. मोर, मरण. द, चं. श्यें, कुत्रा. रोगही असा, की माणूस काही तासांत घाणीत लोळून मरावा. अर्थ इतका चपखल बसला, की मूळ शब्द शोधायची कुणाला गरजच वाटली नाही. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत इंग्रजही हा फ्रेंच अवतार कॉलऱ्यासाठी वापरत होते.

न कळणाऱ्या परक्या शब्दाला ओळखीचा मुखवटा चढवायची ही खोड सगळ्यांना असते. गंमत अशी, की ही साखळी नीट लावून दाखवणारा यूल आणि बर्नेल यांचा 1886 चा कोश ज्या नावाने ओळखला जातो, ते 'हॉब्सन-जॉब्सन' हे नावदेखील अशाच मुखवट्यातून आलं. मोहरमच्या मिरवणुकीतलं 'या हसन, या हुसेन' गोऱ्या शिपायांनी तसं ऐकलं. त्या कोशात मोडशीचं मूळ मराठी-कोकणी म्हणून दिलं आहे आणि व्युत्पत्ती 'मोडणे' या क्रियापदापासून. मलाही ती पटते. 'अंग मोडून आलं' आपण आजही म्हणतो. हातपाय गळाले, माणूस कोसळला, बांधा मोडला. ज्याने कॉलऱ्याचा रोगी पाहिला आहे त्याला हे क्रियापद सुचलं नसतं तरच नवल. शरीरातलं पाणी इतक्या वेगाने निघून जातं, की डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, पोटऱ्यांत गोळे येतात. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी ओळखू येत नाही.

(कडधान्याला येणारे मोड, सुट्ट्या पैशांची मोड आणि मूळव्याधीचे मोड यांचा इथे संबंध लावू नका. एकाच चर्चेत मटकी आणि मूळव्याध नकोत.)

आता दुसरा प्रश्न, अपचन की कॉलरा. हा जास्त अवघड आणि मला जास्त आवडलेला.

पहिल्यांदा मलाही वाटलं होतं, की शब्द पूर्वी भयंकर होता, मग झिजत झिजत मवाळ झाला. सोळाव्या शतकात माणसं मारणारा रोग, एकविसाव्या शतकात लग्नातली बासुंदी जास्त झाल्यावरची तक्रार. भयंकर तर तो होताच. गास्पार कोर्रेया या बखरकाराने 1543 च्या गोव्यातल्या साथीचं वर्णन केलं आहे. चार महिन्यांच्या पोरापासून ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत कुणी सुटत नव्हतं. मेलेल्यांसाठी चर्चची घंटा इतकी वाजू लागली, की लोक घाबरतात म्हणून गव्हर्नरने ती बंद करवली. त्यानेच एका रोग्याचं प्रेत इस्पितळात फाडून बघायला लावलं. जठर कोंबडीच्या जठरासारखं आकसलेलं आणि होरपळलेल्या चामड्यासारखं सुरकुतलेलं, एवढंच निघालं.

पण मग सुश्रुताचा एक श्लोक आठवला आणि मी मत बदललं. विसूचिका या ढाळ-वांत्यांच्या रोगाचं नाव कसं पडलं ते सांगताना तो म्हणतो: 'सूचीभिरिव गात्राणि तुदन् सन्तिष्ठतेऽनिलः । यस्याजीर्णेन सा वैद्यैर्विसूचीति निगद्यते ॥' अजीर्णामुळे ज्याच्या अंगात वायू सुयांनी टोचल्यासारखा राहतो, त्या रोगाला वैद्य विसूची म्हणतात. सुया बाजूला ठेवा, 'अजीर्णेन' हा शब्द बघा. आपल्या वैद्यकाच्या हिशेबी विसूचिका हा अजीर्णाचाच टोकाला गेलेला प्रकार. जंतू ठाऊक नव्हते. एका टोकाला जड झालेलं पोट, दुसऱ्या टोकाला मरण, आणि मधला रस्ता एकच. मग दोन्ही टोकांना एक नाव असलं तर बिघडलं कुठे? मोडशी हे त्या अख्ख्या रस्त्याचं नाव होतं.

युरोपातही असंच होतं. 'कॉलरा' हा ग्रीकांपासूनचा शब्द आणि पूर्वी उन्हाळ्यातल्या साध्या ढाळ-वांत्यांनाही तो लावत. आज ज्या अर्थाने तो आपण वापरतो तो अर्थ 1817 च्या साथीनंतर पक्का झाला. ती साथ बंगालात जेसोरच्या बाजूला भडकली, त्याच वर्षी पेंढाऱ्यांच्या आणि मराठ्यांच्या मागावर निघालेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या फौजेला बुंदेलखंडात तिने झोडपलं आणि 1818 मध्ये ती मुंबईला पोचली. हा रोग हिंदुस्थानात त्याआधी नव्हताच, असं पुढे काही गोरे सांगू लागले. तेव्हा त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहिला तो हाच शब्द, त्याच्या पोर्तुगीज आणि फ्रेंच अवतारांसकट. अर्थात शब्द एकटा पुरावा होत नाही, कारण तो दोन्ही अर्थांचा. कोर्रेयाचं वर्णन सोबत ठेवलं की मात्र वजन येतं.

मग आपल्याकडे भयंकर टोक मोडशीच्या हातून गेलं कसं? ते 'पटकी'ने घेतलं. पटकन नेते म्हणून पटकी, असं सांगतात. मला ते इतकं पटकन पटत नाही, पण बोलणाऱ्यांच्या मनात तो आवाज असणार. 'वाखा' हा असाच आणखी एक जुना शब्द. पुढे शिकलेल्यांनी कॉलरा आणला. मोडशीकडे उरलं ते घरगुती टोक. माझी कसोटी सोपी आहे, शिव्याशापांची. 'पटकी आली मेल्याला' हा खणखणीत शाप आहे. 'मोडशी झाली मेल्याला' म्हणून बघा, ऐकणारा हसेल.

क्रियापदंही हेच सांगतात, आणि इथे मराठीची नजर फार बारीक आहे. देवी येतात, गोवर येतो, पटकी येते. हे बाहेरून, वेशीवरून आत शिरणारे. म्हणून तर मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे आली तशी जाईल. हगवण लागते, ढाळ लागतात. हे 'लागणं' धार लागते, रीघ लागते, उचकी लागते यांतलं. एकदा सुरू झालं की थांबत नाही ते लागतं. आणि अजीर्ण होतं, कावीळ होते, मोडशी होते. ही पोटातून, आपल्याच करणीने उगवणारी. म्हणून मोडशीत नेहमी थोडा ठपका असतो. आमची आत्या सहाणेवर सुंठ उगाळायला बसली की प्रत्येक वेढ्याला एक प्रश्न येई. काल रात्री काय खाल्लंस? शिळी आमटी कुणी घेतली? विहिरीचं पाणी गाळून प्यायलास का? उगाळलेली सुंठ, गूळ आणि तुपाचा थेंब असं चाटण जिभेवर पडेपर्यंत पुरी उलटतपासणी झालेली असे. पटकीच्या रोग्याला कुणी असं विचारत नाही.

जुने उपचार आठवले की त्या सुंठेचे आभार मानावेसे वाटतात. मोर्देशीं झालेल्याच्या टाचेवर तापवून लाल केलेल्या सळईचा डाग द्यायचा, हा उपाय गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, तुरुंगात राहून आलेल्या देलोन या फ्रेंच वैद्याने सतराव्या शतकात नोंदवला आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते इतकं शब्दशः कुठे पाहिलं नव्हतं. खरा उपाय साधा निघाला: गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढणं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून लोकांना पाजलं आणि मरणाचं प्रमाण धाडकन खाली आलं. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी म्हणजे त्याचंच सुधारलेलं रूप.

जंतूबद्दल एकच सांगतो, कारण ते विरामचिन्हांचं प्रकरण आहे. रॉबर्ट कॉखने 1884 मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याच्या रोग्यांत जो जंतू पाहिला, त्याचा आकार किंचित वाकडा, शेपटीसारखा. कॉखने त्याला स्वल्पविरामाचं नाव दिलं.

वापराचं थोडं. मोडशी स्त्रीलिंगी. सामान्यरूपात बदल नाही: मोडशीचा त्रास, मोडशीवर आलं-लिंबू. 'मोडसी' असंही ऐकू येतं आणि ते चूक नाही. आजच्या लेखनात मोडशी म्हणजे अपचन, पोट जड होणं, मळमळ, एखाददोन ढाळ, इतकाच अर्थ घ्यावा. 'शहरात मोडशीची साथ' असा मथळा कुणी दिला तर वाचक बुचकळ्यात पडेल. तिथे कॉलरा किंवा पटकीच लिहा. उलट जुन्या कागदांत, विशेषतः गोव्याकडच्या, मोडशीने माणूस 'वारला' असं दिसलं तर हसू नका, तिथे दुसरं टोक आहे. भाषांतर करणाऱ्यांनी तर अशा जागी 'अपचनाने निधन' लिहायच्या आधी दोनदा थांबावं. मी स्वतः एकदा हे करून बसलो आहे.

आजीचं 'मोडशी झाली' हे तिच्या अर्थाने बिनचूक आहे. फक्त जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके पाणी होऊन सुरू झाले, तर सुंठ उगाळत बसू नका. पाजता येईल तितकं ओआरएस पाजत थेट दवाखाना गाठा.

आणि एक काम करा. आजीला विचारून कळवा, तिच्या माहेरी 'मोडशी झाली' म्हणतात की 'मोडशी धरली'. दुसरं रूप मी एकदाच ऐकलंय, तेही एसटीत, मागच्या बाकावरून, आणि मान वळवून गाव विचारेपर्यंत बोलणाऱ्या बाई उतरून गेल्या होत्या.