गोंधळाच्या खेळातले नियम

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भावाची मुले आमच्याकडे राहायला आली होती. त्यांनी टीव्हीला संगणक जोडून ‘अल्टिमेट चिकन हॉर्स’ नावाचा खेळ लावला. कोंबडी, घोडा, मेंढी अशी पात्रे घेऊन चौघेजण एकाच पडद्यावर धावतात आणि एकमेकांच्या वाटेत करवती, काटेरी तारा, बाण सोडणारी यंत्रे मांडून ठेवतात. घरात इतका कल्ला झाला की शेवटी शेजाऱ्यांनी बेल वाजवली. या प्रकारात आरडाओरड्याखेरीज काही कौशल्य असते का? आणि माझा नऊ वर्षांचा धाकटा मुलगा पंधरा वर्षांच्या भावापुढे यात कधी टिकाव धरू शकेल का?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : कौशल्य निश्चितच असते, आणि ते बटणे दाबण्याच्या वेगापेक्षा अंदाज बांधण्यात अधिक असते. माँट्रियलच्या ‘क्लेव्हर एन्डेव्हर गेम्स’ या छोट्या स्वतंत्र कंपनीने हा खेळ २०१६ साली आणला. त्याचा सारा गंमतीचा भाग गुण देण्याच्या एका नियमावर उभा आहे. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक खोके उघडते, त्यातली एकेक वस्तू खेळाडू झटपट उचलतात आणि मार्गावर आपल्याला हवी तिथे ठेवतात. मग सगळे एकाच वेळी झेंड्याकडे धाव घेतात. सगळेच्या सगळे झेंड्यापर्यंत पोहोचले तर वाट फारच सोपी होती असे मानून कोणालाच गुण मिळत नाहीत, आणि एकही जण पोहोचला नाही तरी पाटी कोरीच राहते.

आता खेळाडूच्या जागी बसून विचार करून पाहा. झेंड्याच्या अलीकडच्या फळीवर मी काटेरी तार लावली, तर तिच्यावरून उडी मारणे मला जमले पाहिजे, पण निदान एकाला तरी ते जमता कामा नये. सापळा फार जीवघेणा केला तर मीच त्यात सापडतो आणि फार सौम्य केला तर सगळ्यांबरोबर माझेही श्रम वाया जातात. त्यातच दुसऱ्याने त्याच फळीवर चिकट मध ओतून ठेवला की माझी मोजलेली उडी बिघडते. ज्याला आपण गोंधळ म्हणतो तो असा चार जणांच्या चार हिशेबांच्या टकरीतून होतो आणि फेरी गणिक वाट अधिकाधिक अडचणीची होत जाते. आरडाओरडा होतो तो याचमुळे, कारण कोणाचा अंदाज चुकला हे सगळ्यांना त्याच क्षणी, त्याच पडद्यावर दिसते.

धाकट्याच्या बाबतीत मी आशावादी आहे. सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळताना चेंडू थेट पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला की फलंदाज बाद, असा नियम मुले करतात, त्यामुळे जोरकस फटके मारणाऱ्या मोठ्या मुलाला हात आखडता घ्यावा लागतो आणि लहानग्यालाही डाव मिळतो; सगळे पोहोचले तर कोणालाच गुण नाहीत, हा वर सांगितलेला नियम नेमके हेच काम करतो. थोरल्या भावाची उडी अचूक असली तरी सापळा कुठे लावायचा हे ठरवायला वेगवान बोटे लागत नाहीत. आपल्या सापळ्यात दुसरा अडकला तर त्याचे वेगळे गुण आहेत, आणि जो फार मागे पडला आहे त्याने झेंडा गाठल्यास त्याला जास्तीचे गुण देण्याची सोयही खेळातच आहे. एवढे मात्र कटाक्षाने पाळा की ‘थांब, मी लावून देतो’ असे म्हणत थोरल्याने धाकट्याची वस्तू स्वतः मांडू नये. आपण लावलेल्या करवतीत दादा सापडला, हा आनंद त्या मुलाचा स्वतःचा असला पाहिजे.

याच जातकुळीतला ‘टॉवरफॉल’ हा धनुष्यबाणांचा खेळही उत्तम आहे, पण या दोन भावांसाठी मी तो तूर्त सुचवणार नाही. त्यात हाताशी मोजकेच बाण असतात, सुटलेला बाण पुन्हा जाऊन उचलावा लागतो आणि एक बाण लागला की माणूस बाद होतो. तिथे हाताची सफाई असलेला खेळाडू सरळसरळ जिंकतो आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला बराच वेळ नुसते बघणे येते.

प्रश्न : मी, माझे पती आणि सासूबाई असे तिघे मिळून खेळू शकू असा एखादा धमाल खेळ सुचवाल का? सासूबाईंनी आजवर कंट्रोलर, म्हणजे खेळ चालवण्याचे बटणांचे यंत्र, हातात धरलेला नाही, पण त्यांना उत्साह खूप आहे. मारामारी नको.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : ‘ओव्हरकुक्ड’ घ्या. केंब्रिजच्या ‘घोस्ट टाउन गेम्स’ या कंपनीतल्या फिल डंकन आणि ऑली डी-व्हाइन या दोघांनी हा खेळ २०१६ मध्ये आणला आणि पुढच्याच वर्षी त्याला कौटुंबिक खेळ व सर्वोत्कृष्ट ब्रिटिश खेळ असे दोन बाफ्टा, म्हणजे ब्रिटनमधले मानाचे पुरस्कार मिळाले. एकत्र मिळून स्वयंपाकघर चालवायचे असल्यामुळे यात कोणी कोणाला हरवत नाही. कांद्याच्या सूपची मागणी आली की तीन कांदे चिरायचे, भांड्यात टाकायचे, शिजले की ताटलीत ओतून खिडकीवर ठेवायचे. तेवढ्यात खरकटी ताटली परत आलेली असते, ती विसळायची, आणि भांडे विस्तवावर विसरलात तर ओट्याला आग लागते. पुढे पुढे तर स्वयंपाकघरच अर्ध्यावर दुभंगते किंवा जहाजाबरोबर डोलू लागते आणि हाताशी असलेला ओटा पलीकडे सरकतो.

सासूबाईंना पहिल्या दिवशी ताटल्यांचे काम द्या, कारण त्यात फिरणे थोडे आणि बटणे कमी असतात, शिवाय ते काम थांबले तर सगळेच अडून बसते, त्यामुळे आपण उगाच बसवलेले आहोत असे त्यांना वाटणार नाही. चिरणे आणि शिजवणे तुम्ही दोघांनी वाटून घ्या. या खेळात घरोघरी भांडण होते ते एकाने बाकीच्यांना हुकूम सोडायला सुरुवात केली की. त्यापेक्षा प्रत्येकाने फक्त स्वतःचे काम मोठ्याने सांगावे, म्हणजे ‘मी कांदा चिरते आहे’, ‘माझ्याकडे दोन ताटल्या तयार आहेत’. एवढ्याने निम्मी धावपळ कमी होते. या खेळाचा पुढे दुसरा भागही आला. २०२० मध्ये दोन्ही भाग एकत्र करून काढलेल्या आवृत्तीत पदार्थांना अधिक वेळ मिळण्याची सवलत चालू करता येते. सुरुवातीला ती अवश्य घ्या.

कंट्रोलर नकोच असे त्यांनी ठरवले, तर ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ पाहा. बॉम्ब फक्त एकाला दिसतो आणि तो निकामी करण्याची पुस्तिका बाकीच्यांच्या हाती असते. ती विनामूल्य मिळते व कागदावर छापून घेता येते, त्यामुळे सासूबाईंना चष्मा लावून सोफ्यावर बसल्या बसल्या खेळता येईल. पुस्तिका बरीच किचकट आहे, तेव्हा एकदा सगळ्यांनी मिळून वाचून घ्यावी.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे चार मित्र पूर्वी ऐरोलीत एकाच इमारतीत राहत होतो. आता एक पुण्यात आहे, एक परदेशात. एका पडद्यावरचे हे खेळ आम्हाला कसे खेळता येतील?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात २०१९ पासून ‘रिमोट प्ले टुगेदर’ ही सोय आहे. खेळ एकाच्याच मालकीचा असला तरी चालतो. त्याच्या संगणकावरचे चित्र बाकीच्यांना पोहोचते आणि त्यांनी दाबलेल्या बटणांचे संकेत त्याच्या संगणकाकडे येतात. म्हणूनच ज्याच्या घरचे इंटरनेट बाहेर पाठवण्यात वेगवान आहे त्याने यजमान व्हावे आणि शक्य असल्यास वायफायऐवजी केबल जोडावी. परदेशातल्या मित्राला बटण आणि हालचाल यांत थोडे अंतर जाणवेलच. उडीच्या खेळात ते फार बोचते, स्वयंपाकाच्या खेळात चालून जाते. त्यातही ‘ओव्हरकुक्ड’च्या २०१८ मधल्या दुसऱ्या भागात इंटरनेटवरून खेळण्याची सोय मुळातच दिलेली असल्यामुळे चौघांनी तो प्रत्येकी विकत घेणे अधिक सोयीचे ठरेल. ऐरोलीत जे टीव्हीवर खेळतील त्यांनी टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करून घ्यावा. चित्र सुंदर दिसावे म्हणून टीव्ही जी प्रक्रिया करतो तिच्यातच पुष्कळदा उशीर होतो आणि लोक उगाचच कंट्रोलर बदलत बसतात.