घरून येणारा फोन

"मुलगा गाडी फार जोरात चालवतो. सांगून सांगून थकले, ऐकत नाही. काय करू?" हा प्रश्न घेऊन येणाऱ्या आया बऱ्याच असतात. कधी काळजी नवऱ्याची असते, कधी मुलीची. एका मायलेकाबरोबर केलेलं काम त्यांच्या परवानगीनं इथे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी आई एकट्याच आल्या. मुलगा पंचविशीच्या आतला, दुसऱ्या पाळीत काम करणारा. मोटारसायकलनं घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते. त्याच्या ओळखीतला एक तरुण अपघातात गेला आणि तेव्हापासून यांची झोप उडाली. "तो निघाला की माझ्या जिवाला घोर लागतो. मग मी फोन करत राहते. आवाज ऐकला की बरं वाटतं."

"गाडी चालवता चालवता उचलतो?"

त्या जरा थांबल्या. "नाही उचलला तर मी घाबरते, हे त्याला ठाऊक आहे. हेल्मेटच्या आत सरकवतो आणि बोलतो."

'उगाच काळजी करता' असं मी अशा आईला कधीच म्हणत नाही, कारण ती काळजी उगाच नसते. जगभरात दरवर्षी सुमारे 11 लाख 90 हजार माणसं रस्ते अपघातांत मरतात. 5 ते 29 या वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच आहे. पण गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो, आणि कानात यंत्र घालून हात मोकळे ठेवले तरी लक्ष बोलण्यातच असतं. ताशी 60 किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना रडू आलं. त्यांना दोषी ठरवायचं नव्हतं. फोन केल्यावर वाटणारा दिलासा काही मिनिटंच टिकतो, मग पुन्हा फोन करावासा वाटतो, हे चक्र त्यांना दिसायला हवं होतं.

पुढच्या भेटीला मुलगा आला. अपघातांचे व्हिडिओ आईनं त्याला इतके पाठवले होते की तो ते उघडतही नव्हता. भीती घालण्याचा उपयोग फारसा होत नाही, असं माझं मत आहे. बहुतेक चालक स्वतःला इतरांपेक्षा सरस समजतात, त्यामुळे 'ते दुसऱ्यांचं होतं' असं म्हणून मोकळे होतात. म्हणून मी एवढंच विचारलं, "सगळ्यात जास्त वेग केव्हा असतो?"

"रात्री घरी येताना. आई जागी असते ना. उशीर झाला की रडते. म्हणून दामटतो."

आई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

मग आम्ही तिघांनी कागदावर हिशेब मांडला. त्याचा रस्ता 15 किलोमीटरचा. कुठेही न थांबता ताशी 60 नं गेलं तर 15 मिनिटं, 80 नं गेलं तर सव्वाअकरा. वाचली पावणेचार मिनिटं. त्यासाठी धडकेतली ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त होते, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही त्याच प्रमाणात वाढतं. मुलगा आकडे पुन्हा पुन्हा तपासत होता. नंतर स्वतःहून म्हणाला, "खरं सांगू? कधी कधी पेंग येते." सलग 17 तास जागं असलेल्या माणसाची सावधता रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे त्याला नवीन होतं. झोपेच्या बाबतीत वेग कमी करून भागत नाही, थांबावंच लागतं.

त्यातून दोघांनी आपापसांत ठरवलं. त्यानं निघताना एक निरोप टाकायचा आणि फोन आवाज बंद करून बॅगेत ठेवायचा. आईनं मधे फोन करायचा नाही, आणि पोहोचायची वेळ वीस मिनिटं पुढचीच धरायची. पेंग आली तर तो सहकाऱ्याकडे मुक्काम करेल आणि त्यावर घरी रागवारागवी होणार नाही. बोलता बोलता कळलं की आई त्याच्या मागे बसताना हेल्मेट घालत नाहीत. मुलानं लगेच अट घातली: "तुझ्या डोक्यावर हेल्मेट आणि गळ्याखाली पट्टा, नाहीतर मी गाडी काढणार नाही." मला ही अट फार आवडली. त्या दिवसापासून सुरक्षितता ही दोघांची बाब झाली.

एक गोष्ट वेगळी ठेवते. दारू पिऊन गाडी काढणाऱ्याशी असे करार करत बसू नका. त्या क्षणी किल्ली काढून घ्या, दुसऱ्या वाहनाची सोय करा, बोलणं तो शुद्धीवर आल्यावर.

पहिल्या काही रात्री आईंना फार जड गेल्या. हात फोनकडे जायचा, तेव्हा त्या बहिणीशी बोलायच्या. एकदा मुलाचा निरोप आला, "झोप येतेय, इथेच थांबतो." त्यांनी उत्तर दिलं, "थांब. सकाळी ये." सगळं सुटलेलं नाही. दिवसा मोकळा रस्ता दिसला की तो अजून वेग वाढवतो, हे त्यानंच मला सांगितलं. सध्या आमच्या भेटी त्यावर चालू आहेत.