कॉलेज बास्केटबॉलमध्ये खेळाडू थेट वैऱ्याच्या टीममध्ये गेला की फॅन्स एवढे का पेटतात?

तुम्ही विचारलंय की कालपर्यंत एका कॉलेजसाठी जीव काढणारा पोरगा आज शेजारच्या, हाडवैर असलेल्या कॉलेजात कसा काय जातो, त्याला कोणी अडवत कसं नाही, लोक एवढे का चिडतात आणि हे आपल्या हार्दिक पांड्यासारखंच आहे का. मी नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो आणि मास्टर्स इथल्याच एनसी स्टेटमधून केलंय, म्हणजे मी काही तटस्थ माणूस नाही, लाल शर्टवाला आहे, तेवढं धरून वाचा.

आधी भूगोल सांगतो कारण निम्मं भांडण तिथेच आहे. ड्यूक डरहॅममध्ये, यूएनसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना (आकाशी रंगवाले, लोक नुसतं कॅरोलायना पण म्हणतात) चॅपल हिलमध्ये, एनसी स्टेट रॅलेमध्ये, आणि तिन्ही गावं चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत. ड्यूक आणि यूएनसी तर गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. ऑफिसात एका टीममध्ये तिन्हीकडची माणसं असतात, मार्च महिन्यात स्टँडअप मीटिंगमध्ये पहिली पाच मिनिटं जिरावर, म्हणजे कामाच्या यादीवर, कोणी बोलत नाही. यातल्या कित्येकांनी त्या कॉलेजात पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही बरं का, आजोबा कॅरोलायनाचे म्हणून बाप कॅरोलायनाचा म्हणून हा पण. या राज्यात एनबीएची, म्हणजे व्यावसायिक लीगची, टीमच १९८८ मध्ये आली, शार्लट हॉर्नेट्स, त्याच्या आधीच्या पिढ्यांसाठी कॉलेजची टीम हीच गावाची टीम. केंटकी आणि साऊथ कॅरोलायनात तर आजही एनबीएची टीम नाही.

आता कसं काय जाऊ शकतो. पूर्वी जाणं सोपं नव्हतं. कॉलेज बदललं की एक अख्खं वर्ष बाकावर बसायचं, सराव करायचा पण मॅच खेळायची नाही, आणि त्यात काही कॉन्फरन्सचे (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) आणि कॉलेजांचे आपापले नियम, की बाहेर कुठेही जा पण आमच्याच गटातल्या टीमकडे गेलास तर आम्ही आडवे येणार. २०१७ ची कॅमरन जॉन्सनची गोष्ट बघा. हा पिट्सबर्गचा खेळाडू, तीन वर्षांत डिग्री पूर्ण केली, आणि डिग्री झालेल्या खेळाडूला न थांबता दुसरीकडे खेळता येतं असा नियम होता. त्याला यूएनसीला जायचं होतं. पिट्सबर्गने सांगितलं की आमच्याच कॉन्फरन्समध्ये जाणार असशील तर एक वर्ष बसावं लागेल. अभ्यास वेळेआधी संपवलेल्या पोराला ही शिक्षा! आणि गंमत म्हणजे तिथले कोच केव्हिन स्टॉलिंग्ज स्वतः वर्षभरापूर्वी व्हँडरबिल्ट सोडून आले होते, त्यांना कोणी बसवलं नव्हतं. पेपरांत एवढी नाचक्की झाली की शेवटी कॉलेजने माघार घेतली, पोरगा यूएनसीला आला, दोन वर्षं खेळला आणि २०१९ ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ११ वा गेला.

ते सगळं गेलं आता. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. नाव भारी आहे पण मुळात तो एक डेटाबेस आहे, खेळाडूने कॉलेजच्या ऑफिसला लेखी कळवलं की त्यांनी दोन कामाच्या दिवसांत त्याचं नाव त्यात टाकायचं, कोचची परवानगी वगैरे काही नाही, आणि नाव पडलं की बाकीच्या कोचना फोन करायची मोकळीक. २०२१ मध्ये एकदा न बसता बदलायची सूट मिळाली, त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी मिळाली ज्याला इथे एनआयएल म्हणतात, मग दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांना बसवण्यावरून प्रकरण वेस्ट व्हर्जिनियाच्या फेडरल कोर्टात गेलं, डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने तो नियम थांबवला आणि २०२४ पासून कितीही वेळा बदला, अभ्यासात पास असलात म्हणजे झालं. आणि जुलै २०२५ पासून तर कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देतात, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. २०२५ च्या वसंतात पुरुषांच्या पहिल्या डिव्हिजनमधले दोन हजारांहून जास्त खेळाडू पोर्टलमध्ये होते. टीमा साडेतीनशेच्या वर आहेत, म्हणजे सरासरी प्रत्येक टीममधून पाच-सहा जण, दरवर्षी. आता बोला.

त्यामुळे जाण्याचा राग कोणी करत नाही हो आता. सवय झालीये. आमच्याच टीममधून एखादा कॅन्ससला किंवा ओरेगॉनला गेला तर लोक थँक यू लिहितात, लाल बदाम टाकतात, आणि पुढच्या मिनिटाला 'मग आता सेंटर कोण?' हा धागा सुरू. राग येतो तो वैऱ्याकडे गेल्यावर, आणि माझ्या मते त्याचं खरं कारण हे आहे की खेळाडूकडे चारच वर्षं असतात आणि फॅनचं नातं जन्माचं असतं. त्या पोराला या चार वर्षांत मिनिटं पाहिजेत, पैसे पाहिजेत, एनबीएच्या स्काऊटच्या नजरेत यायचंय, त्याच्या लेखी दोन्ही कॉलेजं सारखीच, जिथे बॉल जास्त हातात येईल ते बरं. फॅनला मात्र लहानपणापासून शिकवलेलं असतं की तो आकाशी रंग घालायचा नाही म्हणजे नाही. आपण ज्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो त्याला त्या वैराचं काहीच नव्हतं, हे त्याने गावभर दाखवून दिल्यासारखं वाटतं. तेच लोकांना झोंबतं. शिवाय लांब गेलेला डोळ्याआड होतो, हा तर वर्षातून दोनदा समोर येणार, आणि आपल्याविरुद्ध वीस पॉइंट मारणार ही भीती वेगळीच.

मिलेसिया फुलवायलीचं प्रकरण बघा, मला वाटतं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. मुलगी साऊथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहराची, शाळा कोलंबियातली, कॉलेज साऊथ कॅरोलायना, तेही कोलंबियातच. म्हणजे घरचीच पोर. नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅरिसला नोत्र दाम या अमेरिकन कॉलेजविरुद्ध तिची पहिलीच कॉलेज मॅच, त्यात तिने बॉल घेऊन अख्खं कोर्ट पळत जाऊन, मध्ये पाठीमागून हात बदलून, उलटा लेअप, म्हणजे रिंगजवळून बास्केट, टाकला, तो व्हिडिओ एनबीएचा दिग्गज मॅजिक जॉन्सनपर्यंत पोचला. एकदा शोधून बघाच, दहा सेकंदांचा आहे. त्या सीझनला टीम ३८-० करून, म्हणजे एकही मॅच न हरता, चॅम्पियन झाली, एनबीए स्टार स्टेफ करीच्या ब्रँडने तिला साइन केलं, त्या ब्रँडशी करार करणारी पहिली कॉलेज खेळाडू. पण ती स्टार्टर, म्हणजे सुरुवातीच्या पाचांतली, नव्हती, चाळीस मिनिटांच्या मॅचमध्ये वीसपेक्षा कमी मिनिटं मिळायची. २०२५ मध्ये कॉन्फरन्सने तिला बेंचवरून येणारी सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं, म्हणजे कौतुक पण झालं आणि तू बाकावरचीच आहेस हे पण सांगून झालं. एप्रिल २०२५ ला देशाची फायनल यूकॉनने (कनेक्टिकटचं कॉलेज) साऊथ कॅरोलायनाविरुद्ध ८२-५९ अशी मोठ्या फरकाने जिंकली, आणि त्याच महिन्यात ही निघाली. कुठे? एलएसयूला!

एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट, साऊथ कॅरोलायनाच्याच एसईसी कॉन्फरन्समधली टीम, आणि हे वैर कळायला मार्च २०२४ ची एसईसी फायनल आठवा. शेवटी शेवटी एलएसयूच्या फ्लॉजे जॉन्सनने फुलवायलीलाच मुद्दाम फाऊल केला, त्यातून बाचाबाची, साऊथ कॅरोलायनाच्या सहा फूट सात इंच कमिला कार्डोसोने फ्लॉजेला धरून खाली ढकललं, आणि फ्लॉजेचा भाऊ स्कोअरचं टेबल ओलांडून कोर्टवर उतरला, त्याला पोलिसांनी धरून नेलं. सांगायचा मुद्दा, जिच्यावरून भांडण पेटलं ती मुलगी वर्षभराने त्याच फ्लॉजेच्या शेजारी उभी राहायला गेली. लोकांनी काय काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गद्दार हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द, आपल्याकडे २०२२ पासून तो तसाही स्वस्त झालाय. शेवटी कोच डॉन स्टेलींना स्वतः सोशल मीडियावर फॅन्सना सांगावं लागलं की तिच्याबद्दल वाईट बोलणं बंद करा.

आता ऐका खरी गंमत. त्याच वसंतात त्याच साऊथ कॅरोलायनाने फ्लोरिडा स्टेटहून तनिया लॅटसनला आणलं, जी मॅचला पंचवीस पॉइंट काढून देशात पहिली होती, आणि मिसिसिपी स्टेटहून मडिना ओकोटला, केनियाची उंचपुरी सेंटर. मिसिसिपी स्टेट तर त्यांच्याच कॉन्फरन्समधली! तिथल्या फॅन्सना काय वाटलं असेल याचा विचार कोलंबियात किती जणांनी केला? दोघींचं स्वागत ढोलताशे वाजवून झालं. गेलेली ती गद्दार, आलेली ती लक्ष्मी.

आम्ही पण त्यातलेच, उगाच शहाणपणा नको. २०२४ ला एनसी स्टेटने एसीसी, म्हणजे आमच्या कॉन्फरन्सच्या, स्पर्धेत पाच दिवसांत पाच मॅच जिंकल्या, फायनलला यूएनसीला हरवलं, मग पुढे देशाच्या मुख्य स्पर्धेत ड्यूकला हरवून फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीमांची फेरी, गाठली, आणि आख्ख्या रॅलेत लोक वेड्यासारखे नाचले, मी पण. त्या टीममध्ये डीजे बर्न्स विन्थ्रॉपहून आलेला, डीजे हॉर्न ॲरिझोना स्टेटहून, मायकल ओकॉनेल स्टॅनफर्डहून, डियारा मिसूरीहून. आणि केसी मॉर्सेल व्हर्जिनियाहून, आमच्याच कॉन्फरन्समधून. एसीसीची सेमीफायनल व्हर्जिनियाशीच होती. तीन पॉइंटने मागे, काही सेकंद उरलेले, त्यांच्या पोराची फ्री थ्रो हुकली, ओकॉनेल बॉल घेऊन पळत आला आणि लांबून फेकला, बॉल बोर्डवर आपटून रिंगवर जरा रेंगाळला आणि आत, बझर वाजला, मॅच ओव्हरटाइमला, मग जिंकलो. घराघरांत किंचाळ्या. त्या वेळी मॉर्सेल व्हर्जिनिया सोडून आला म्हणून त्याच्या निष्ठेवर आमच्यातल्या एकाने तरी शंका घेतली का? छे!

मग २०२५ मध्ये व्हेन-ॲलन लुबिन यूएनसीहून आमच्याकडे आला. नोत्र दाम, व्हँडरबिल्ट, यूएनसी, एनसी स्टेट, चार वर्षांत चार कॉलेजं. माझा एक आकाशी कपवाला सहकारी दोन दिवस बोलत नव्हता, तिसऱ्या दिवशी म्हणाला तसाही तो डिफेन्समध्ये ढिलाच होता. हे ठरलेलं असतं, गेला की आधी राग, मग 'तसाही काही खास नव्हता'. द्राक्षं आंबट.

उलटं पण होतं. कॅलेब लव्ह यूएनसीचा, २०२२ च्या फायनल फोरमध्ये याने ड्यूकविरुद्ध २८ पॉइंट काढले, शेवटच्या अर्ध्या मिनिटात थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारली, आणि ड्यूकचे कोच के म्हणजे माइक शेशेव्हस्की यांची कारकीर्द त्या मॅचने संपली. चॅपल हिलमध्ये देवच झाला. पुढच्या वर्षी टीम सीझनआधी नंबर एक होती आणि मुख्य स्पर्धेतसुद्धा पोचली नाही, सगळं खापर याच्या शॉट सिलेक्शनवर. वैतागून गेला, आधी मिशिगन ठरलं, तिथे क्रेडिट्सचा घोळ झाला, मग ॲरिझोना. नोव्हेंबर २०२३ ला ॲरिझोनाने ड्यूकच्या कॅमरन इनडोअरमध्ये जाऊन ड्यूकला ७८-७३ हरवलं आणि ज्यांनी सहा महिन्यांपूर्वी त्याला जा बाबा म्हटलं होतं तेच यूएनसीवाले 'आमचा कॅलेब' म्हणून व्हिडिओ शेअर करत होते. शत्रूला मारलंस ना, मग माफ.

कोच लोकांची पण हुर्यो उडवतात, तिथे तर मला थोडा न्याय वाटतो, कारण पोरं एकोणीस-वीस वर्षांची असतात आणि कोच कोट्यधीश. रिक पिटिनोंनी १९९६ ला केंटकीला चॅम्पियन केलं आणि पुढे २००१ मध्ये बोस्टनच्या एनबीए टीमकडून कॉलेजात परत आले ते थेट लुइव्हिलला, केंटकीचा सख्खा वैरी. काही लोकांनी अजून सोडलेलं नाही. जॉन कॅलिपारी २०२४ ला केंटकी सोडून आर्कान्सॉला गेले, बरोबर तिथलेच तीन खेळाडू, आणि १ फेब्रुवारी २०२५ ला केंटकीच्या रप अरीनात परतले तेव्हा सगळं स्टेडियम बू करत होतं. आर्कान्सॉने ८९-७९ जिंकली ती मॅच.

हार्दिकचं म्हणाल तर थोडं सारखं आहे पण नीट बसत नाही. त्याचा ट्रेड दोन फ्रँचायझींनी मिळून केला, आणि वानखेडेवर १ एप्रिल २०२४ ला जी हुर्यो झाली, टॉसला मांजरेकरला लोकांना नीट वागा म्हणावं लागलं, ती तो गेल्याबद्दल कमी आणि रोहितच्या जागी कॅप्टन होऊन आल्याबद्दल जास्त होती. अहमदाबादची हुर्यो मात्र शंभर टक्के याच जातीची. सारखं काय, तर राग किती टिकतो ते. वर्ल्ड कप जिंकून ४ जुलैला त्याच वानखेडेवर आला तर तेच लोक हार्दिक हार्दिक ओरडत होते.

एक गोष्ट मात्र खरंच बिघडलीये आणि त्यावर हसू येत नाही. मार्च २०२४ पासून नॉर्थ कॅरोलायनात मोबाईलवर सट्टा कायदेशीर झाला, एसीसी स्पर्धेच्या तोंडावर बरोबर, आणि आता पोराला शिव्या घालणारा फॅनच असेल असं नाही, ज्याचे वीस डॉलर बुडाले तो पण असतो. त्यात फॅनलाच दर महिन्याला खेळाडूंसाठी वर्गणी मागतात, म्हणून 'आम्ही पैसे दिले होते' ही भाषा आलीये. २०२२ ला नायजेल पॅक कॅन्सस स्टेटहून मायामीला गेला तेव्हा दोन वर्षांचे ८ लाख डॉलर आणि वर गाडी असा करार जाहीर झाला आणि लोकांचे डोळे पांढरे झाले. आज तो आकडा ऐकून कोणी मान वर करणार नाही.

तुम्हाला बघायला सुरुवात करायची असेल तर ड्यूक-यूएनसी बघा, वर्षातून दोनदा तरी होते, दुसरी बहुतेक मार्चच्या सुरुवातीला. इथली संध्याकाळ म्हणजे तुमची पहाट, पाचचा अलार्म लावा. आणि टीम धरायची असेल तर लाल धरा, आम्हाला माणसं कमी पडतायत.