जुनी ३-सीरिज घेताय? आधी एनओसीवरचा कोड वाचा

तुमची पोस्ट वाचता वाचता चहा निवला. दारव्ह्याकडचे तुम्ही, रोजचं चाळीस किलोमीटर जाणं-येणं, बजेट चौदा-पंधरा लाख. २०१६ ची बीएमडब्ल्यू ३२०डी (३-सीरिजमधली डिझेल) घ्यावी, त्याच सुमाराची मर्सिडीजची सी-क्लास घ्यावी की ऑडीची ए-४, असा तुमचा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "दिल्लीकडच्या गाड्या दोन-अडीच लाखांनी स्वस्त दिसतात, तिकडून आणली तर काय बिघडतं?" माझं जे काय बिघडलं ते त्या शेवटच्या ओळीतच बिघडलं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. (एनओसी म्हणजे गाडी दुसऱ्या आरटीओकडे न्यायला मूळ आरटीओनं दिलेलं ना-हरकत पत्र.)

मी वरुडकडचा. संत्र्याची बाग, शिवाय शेती औषधांचं लहानसं दुकान. मेकॅनिक नाही, वकीलही नाही. खालचं सगळं एका माणसाच्या अनुभवाचं आहे. नियम बदलत राहतात, कोर्टात वरखाली होतात, तेव्हा पैसे देण्याआधी तुमच्या आरटीओत एकदा तोंडानं विचाराच. सर्व्हिस रेकॉर्ड, इन्शुरन्स, अपघात झालाय का वगैरे वर बाकीच्यांनी सांगितलंय, ते पुन्हा उगाळत नाही.

इथं फोरमवर अर्ध्या लोकांचं म्हणणं असं की ई-९०, म्हणजे २०१२ च्या आधीची पिढी, हीच शेवटची खरी ३-सीरिज, पुढच्या सगळ्या मऊ. मी स्वतः ई-९० वाला, तरी मला हे अर्धंच पटतं. हे रडगाणं नवीन पिढी आली की दर वेळी होतं. १९७५ ची पहिली, ई-२१, ही ४.३५ मीटरची दोन दारांची गाडी होती आणि डॅशबोर्डचा मधला भाग ड्रायव्हरकडे वळवलेला, म्हणून लोक तिच्यावर भाळले. १९८२ ला ई-३० आली आणि नेमकी त्याच वर्षी मर्सिडीजनं १९० नावाची लहान सेडान काढली. मागच्या चाकांना मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक पाच दांड्यांनी धरलेलं) त्या १९० ला पहिल्या दिवसापासून होतं. ई-३० मात्र त्याहून साध्या सेमी-ट्रेलिंग आर्मवर. वळणात घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागचा भाग बाहेर निघायचा. भक्तमंडळी त्याला मजा म्हणतात. ३-सीरिजला मल्टिलिंक मिळालं ते १९९० च्या ई-३६ मध्ये, मर्सिडीजनंतर आठ वर्षांनी. १९८४ ला जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगचा नवा ट्रॅक उघडला तेव्हा सगळ्यांना सारख्या १९० २.३-१६ देऊन शर्यत लावली होती, ती पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेल्या तरण्या आयर्टन सेनानं मारली. बीएमडब्ल्यूची पहिली एम-३, म्हणजे ३-सीरिजची वेगवान आवृत्ती, बाजारात आली ती त्यानंतर, १९८६ ला. तेव्हा "मर्सिडीज म्हणजे शेठजींची गाडी" असं म्हणणाऱ्यांना हे एकदा ऐकवा.

ऑडीचं दुखणं वेगळं. इंजिन पुढच्या अॅक्सलच्याही पुढे. बंडीत सगळी पोती बैलांच्या अंगाला रचली की बैलांच्या मानेवर भार येतो, तसं. ए-४ च्या २००७ च्या बी-८ पिढीत त्यांनी चाकांना ताकद वाटणारं डिफरेन्शियल क्लचच्या पुढे घेतलं आणि पुढची चाकं १५४ मिलिमीटर पुढे सरकवली. फरक पडला. पण आपल्याकडे त्या पिढीची २.० टीडीआय आली ती पुढच्या चाकांच्या ड्राइव्हची आणि मल्टिट्रॉनिक सीव्हीटीची, म्हणजे पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. जुन्या सीव्हीटीचं काम इकडं कोण करणार? माझ्या मते त्या वाटेला जाऊच नका. २०१५ नंतरची बी-९ शहाणी गाडी आहे. शांत, नीटनेटकी, जावयासारखी.

आता तुमच्या कामाचं. ई-९० ला आपल्याकडे हायड्रॉलिक स्टिअरिंग आणि खाली रन-फ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे). एफ-३० आली २०१२ ला. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २७६० वरून २८१० मिलिमीटर, इलेक्ट्रिक स्टिअरिंग, ८ गिअरचा झेडएफ कंपनीचा ऑटोमॅटिक बॉक्स. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळायचा तो कमी झाला, हे खरं. पण मागं बसणाऱ्या बाईमाणसांनी पहिल्यांदा दुवा दिला तो याच पिढीला. गंमत म्हणजे बीएमडब्ल्यू मऊ होत होती तेव्हा मर्सिडीजनं २०१४ ची सी-क्लास, डब्ल्यू-२०५, शंभरेक किलोनं हलकी केली. दोघं एकमेकांच्या घरात शिरले. मग २०१८ च्या जी-२० मध्ये बीएमडब्ल्यूनं पुन्हा कंबर कसली, पण लांबी ४.७ मीटरवर नेऊन. १९८८ ची ५-सीरिज एवढीच होती! आता तर आपल्याकडे ११० मिलिमीटर जादा व्हीलबेसची लांब ३-सीरिज विकतात. ड्रायव्हरची गाडी म्हणून जन्मलेली, आता मालक मागं बसतो.

तुमच्या रस्त्याला काय चालेल? काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात खालची माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरून गुळगुळीत दिसणारा रस्ता आतून लाटा मारतो. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. ऐंशीवर एफ-३० अशा लाटांवर दोनदा जास्त झुलते. ई-९० झुलत नाही, पण सांधा आला की कंबर मोजते. डब्ल्यू-२०५ या दोघींच्या मधली. शोरूमच्या दारातल्या सिमेंट रोडवर चालवून ठरवू नका, ज्या रस्त्यानं रोज जाणार तसल्याच रस्त्यावर न्या. तिघींपैकी मी निवडली असती तर २०१६ ची फेसलिफ्ट (त्याच पिढीची सुधारलेली) एफ-३०. तिच्यात बी-४७ इंजिन, १९० हॉर्सपॉवर. त्याआधीच्या एन-४७ इंजिनांच्या टायमिंग चेनचा बोभाटा जगभर आहे आणि चेन मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे, म्हणजे हात घालायचा तर अर्धी गाडी उतरवावी लागते. इंजिन कुठलंही असो, सकाळी थंड असतानाच पहिला सेल्फ तुम्ही मारा. विकणाऱ्यानं "गरम करून ठेवली साहेब" म्हटलं की घरी परत या. आणि १७ इंची चाकं. १८-१९ चा मोह नको.

हे सगळं मला २०१९ मध्येही ठाऊक होतं. तीन महिने रात्र रात्र वाचून पाठ केलं होतं. आणि तरी मार खाल्ला.

गाडी सापडली दिल्लीकडे. २००९ ची ३२०डी, एक मालक, ५८ हजार चाललेली, सहा लाख चाळीस. तीच नागपुरात साडेआठच्या खाली कोणी देईना. स्वस्त का, ते तुम्हाला माहीत असेलच: तिकडे तेव्हा डिझेलला दहा वर्षांची मर्यादा होती, म्हणून नववं-दहावं वर्ष लागलं की लोक काढायला बघायचे. तुमची २०१६ ची पण दहाच्या आसपासचीच निघणार. गाडी उत्तम होती, आजही आहे. दलाल गोड होता. म्हणाला, "एनओसी हम करवा देंगे, आप बस गाड़ी ले जाओ." मी फॉर्म २९, ३० वर सह्या केल्या, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ तपासला, स्वतःवर खूश झालो आणि मार्चमध्ये गाडी चालवत आणली. एनओसी मागाहून कुरिअरनं आली. फॉर्म २८, शिक्का, सही, चेसिस नंबर सगळं बरोबर. मी ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून देवघराच्या कपाटात ठेवली.

मे महिन्यात अमरावतीला गाडी दाखवायला गेलो. खिडकीतल्या माणसानं कागद बघितला आणि परत सरकवला. एनओसी एका विशिष्ट आरटीओच्या नावानं असते. माझा कोड एमएच-२७, कागदावर कोड भलत्याच जिल्ह्याचा. दलालाच्या लेखी विदर्भ म्हणजे एकच गाव. आधार कार्डावरचा पत्ता वाचायची त्याला गरज वाटली नाही. आणि मला दोन महिने त्या ओळीवर बोट ठेवून वाचायची गरज वाटली नाही. दलालाला मी शिव्या देतो, पण चूक माझी.

मग सुरू झाली वारी. एनओसी देणारं कार्यालय म्हणालं, जुनी रद्द झाल्याशिवाय नवी नाही, आणि ज्या आरटीओच्या नावावर दिलीय "उनसे लिखवा के लाओ कि इस्तेमाल नहीं हुई." मी त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या कार्यालयात. तिथं साहेब म्हणाले, "तुमची गाडी आमच्याकडे आलीच नाही. जे आलंच नाही त्याचं काय लिहून देऊ?" मी म्हटलं, हेच लिहून द्या की आली नाही. तर म्हणे तसा नमुना नाही. नमुना नाही! दोन्ही कार्यालयांची नावं घेत नाही, घेऊन काय उपयोग, माणसं बदलून गेली असतील. पण तीन चकरा तिकडे, सात चकरा इकडे. मधल्या काळात नोव्हेंबर उजाडला, गाडीला दहा वर्षं पूर्ण झाली, तिकडच्या खिडकीवरचा आवाज आणखी चढला. मार्चमध्ये लॉकडाऊन. गाडी संत्र्याच्या गोदामात ताडपत्रीखाली. इन्शुरन्स जुन्या मालकाच्या नावानं, म्हणून बाहेर काढायची छाती होईना. उंदरांनी मागच्या दिव्यांची वायर खाल्ली. शेजारचे काका रोज सकाळी विचारायचे, "काहून बे, बीएमडब्ल्यू अंडी देऊन राह्यली का?"

सुटलो कसा ते नीट वाचा, कारण असा अडकलेला मी एकटाच नाही. आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त ग्रामसेवकानं युक्ती सांगितली. माहितीच्या अधिकारात त्या दुसऱ्या जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज टाकायचा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. प्रश्न एकच: अमुक चेसिस नंबरच्या वाहनाची अमुक क्रमांकाची एनओसी आपल्या कार्यालयात नोंदणीसाठी दाखल झाली आहे काय? कायद्यानं तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सव्विसाव्या दिवशी शिक्क्यानिशी पत्र आलं: "अशी नोंद आढळून येत नाही." झालं! वर्षभर ज्या वाक्यासाठी मी दोन राज्यांत नाक घासत होतो ते वाक्य दहा रुपयांत पोस्टानं घरी आलं. तेच जोडून जुनी एनओसी रद्द, नवी एमएच-२७ च्या नावानं. नंबर प्लेट मिळाली २०२० च्या डिसेंबरात. सगळ्यांना ही युक्ती लागू पडेल असं म्हणत नाही, पण "नमुना नाही" म्हणणाऱ्या खिडकीवर डोकं आपटण्यापेक्षा बरी.

हिशोब सांगतो. वाचवले दोन लाख. इथला एकरकमी कर वयाप्रमाणे कमी होऊन लागला तो वेगळा. प्रवास, राहणं, वायरिंग, बसून मेलेली बॅटरी, चपटे पडलेले चार टायर. त्या दोन लाखांतले वीस हजारही हातात राहिले नाहीत, आणि एकवीस महिने गाडी असून मी एसटीनं फिरलो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मिळतो म्हणतात. अर्ज केलाय, अजून वाट बघतोय. वर २०२४ ला पंधरा वर्षं भरली. नूतनीकरणाची फी २०२२ पासून पाच हजार झालेली, पर्यावरण कर निराळा. म्हणजे पंधरापैकी जी पाच-सहा वर्षं मी विकत घेतली त्यातली पावणेदोन ताडपत्रीनं वापरली.

म्हणून माझं मत, आणि हे फक्त मत आहे: एमएच पासिंगचीच गाडी घ्या, दीड लाख जास्त गेले तरी. पिढी एक मागची चालेल. बाहेरची घ्यायचीच तर एनओसी हातात आल्यावरच पूर्ण पैसे, आणि त्यावर तुमचा यवतमाळचा एमएच-२९ छापलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघून. "भेज देंगे" वर एक रुपया नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो, तेव्हा "तसाच चालवू" हा सल्ला देणाऱ्या मित्राला चहा पाजून वाटेला लावा.

एक राहिलंच. एफ-३० मध्ये स्टेपनी नसते, पंक्चर रन-फ्लॅट साधारण ऐंशीच्या वेगानं ऐंशी किलोमीटर नेतो. तुमच्याकडून त्या मापाचा टायर मिळेल असं दुकान किती लांब आहे ते आधी मोजा. मी साधे ट्यूबलेस टाकले, डिकीत जुन्या बाजारातून घेतलेली एक रिम टाकली. संत्र्याचे दोन क्रेट कमी बसतात. कंपनीवाले याला नाही म्हणतात, तेव्हा तुमच्या जबाबदारीवर.

दलालानं एनओसीचा फोटो पाठवला असेल तर नाव-पत्ता, गाडी नंबर झाकून इथं टाका. मी रात्री नऊनंतर बघतो, सध्या बागेत मृग बहार धरायची गडबड आहे.